जॉन विन्थ्रॉप : डोंगरावरच्या नगराचा कारभारी

अमेरिकन मराठी मिशन हे नाव मराठी ख्रिस्ती घरांना नवं नाही. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत आले, १८३१ साली अहमदनगरला मिशनचं ठाणं झालं, १८४२ साली 'ज्ञानोदय' निघालं. या सगळ्यांना पाठवणारी संस्था होती बोस्टनची. तिच्या मागे उभी असलेली मंडळी मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाची, म्हणजे त्याआधी पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथे जाऊन वसलेल्या प्युरिटन लोकांचे वारस. मग मला प्रश्न पडला की हे बोस्टन मुळात वसवलं कोणी, आणि कशासाठी? त्या शोधात जो माणूस भेटला त्याचं नाव जॉन विन्थ्रॉप. आपल्या वाङ्मय मंडळाच्या अंकासाठी त्याचं चरित्र लिहावं असं वाटलं, कारण हा माणूस मला जितका आवडला तितकाच त्याने मला अस्वस्थही केलं.

विन्थ्रॉपचा जन्म इंग्लंडमधल्या सफक परगण्यात, जानेवारी १५८८ मध्ये झाला. घराणं खाऊनपिऊन सुखी. आजोबा कापडाचे व्यापारी. आठव्या हेन्री राजाने मठ मोडून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा त्यांनी ग्रोटन गावची जहागीर विकत घेतली होती. नातू केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला खरा, पण दोनेक वर्षांतच परत आला आणि सतराव्या वर्षी बोहल्यावर चढला. पहिली बायको मेरी सहा मुलांना जन्म देऊन १६१५ साली वारली. दुसरी थॉमसिन वर्षभरातच बाळंतपणानंतर गेली. १६१८ साली मार्गारेट टिंडलशी तिसरं लग्न झालं आणि हा संसार मात्र जवळजवळ तीस वर्षं टिकला.

प्युरिटन म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधल्या उरल्यासुरल्या जुन्या रीतीभाती काढून ते शुद्ध करू पाहणारे लोक. विन्थ्रॉप तरुणपणीच त्यांच्यात ओढला गेला. तो आपल्या मनाचा हिशेब वहीत लिहून ठेवायचा. त्यातली एक नोंद मला फार गमतीची वाटते. त्याला बंदुकीने पाखरं मारायचा नाद होता. तो सोडायचं त्याने ठरवलं आणि कारणं लिहून काढली : कायद्याने मनाई आहे, वेळ जातो, अंग दमतं, जिवाला धोका आहे, खर्च होतो, आणि एवढं करून हाती फारसं काही लागतही नाही! म्हणजे नेम चांगला नव्हता हेही त्याने देवासमोर कबूल करून टाकलं. स्वतःशी इतका खरं बोलणारा माणूस पुढे राज्य कसं करतो, हे बघण्यासारखं आहे.

१६२० नंतरची वर्षं सफकला कठीण गेली. तिथला कापडाचा धंदा बसला, विणकर बेकार झाले, गावागावांत भिकारी वाढले. विन्थ्रॉप जमीनदार होता, वकिलीही करत होता, लंडनमधल्या एका राजन्यायालयात त्याला काम मिळालं होतं. तेही १६२९ साली सुटलं. त्याच वर्षी चार्ल्स राजाने पार्लमेंट बरखास्त केलं आणि प्युरिटनांवरचा दाब वाढत चालला. देश का सोडावा याची कारणं विन्थ्रॉपने त्या सुमारास लिहून काढली. धर्माचं कारण तर होतंच, पण दुसरं एक कारण वाचून मी थांबलो. या देशाला आपलीच माणसं जड झाली आहेत, माणसाची किंमत पायाखालच्या मातीपेक्षाही कमी झाली आहे आणि गरीब हे ओझं समजले जात आहेत, असा त्याचा सूर आहे. म्हणजे नवं गाव वसवायचं ते नुसतं प्रार्थनेसाठी नव्हे. जिथे माणूस माणसाला जड होणार नाही, असं गाव त्याला हवं होतं.

मॅसॅच्युसेट्स बे कंपनीला राजाची सनद मिळाली होती. ऑगस्ट १६२९ मध्ये केंब्रिज इथे काही मंडळींनी करार केला की सनद आणि कारभार दोन्ही बरोबर न्यायला मिळत असतील तरच आम्ही सहकुटुंब जाऊ. ऑक्टोबरात विन्थ्रॉप गव्हर्नर म्हणून निवडला गेला. १६३० च्या वसंतात अकरा जहाजांतून सुमारे सातशे माणसं निघाली. विन्थ्रॉपच्या जहाजाचं नाव 'आर्बेला'. मार्गारेट गरोदर असल्यामुळे मागे राहिली. दर सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता दोघांनी आपापल्या जागी एकमेकांची मनाने भेट घ्यायची, असं नवराबायकोचं ठरलं होतं. आज व्हिडिओ कॉलची वेळ ठरवतात तसंच की हे! फक्त मधे समुद्र होता आणि पत्राला महिनेच्या महिने लागत होते.

या प्रवासाच्याच वेळी विन्थ्रॉपने एक प्रवचन रचलं. तो धर्मगुरू नव्हता, साधा गृहस्थ. 'ख्रिस्ती प्रीतीचा नमुना' असं त्या प्रवचनाचं नाव. त्याची सुरुवात आजच्या वाचकाला खटकेल, कारण देवानेच काहींना श्रीमंत आणि काहींना गरीब केलं आहे असं तो म्हणतो. पण ते कशासाठी, याचं त्याचं उत्तर वेगळं आहे. एकाला दुसऱ्याची गरज पडावी, बलवानाने दुबळ्याला खाऊ नये आणि दुबळ्याने बंड करून उठू नये, सगळ्यांनी एकमेकांना धरून राहावं, म्हणून. मग तो अगदी व्यवहारावर येतो. द्यायचं कसं, उसनं कसं द्यायचं, माफ कसं करायचं, असे तीन भाग पाडतो. समोरच्याची फेडायची ऐपत असेल तर तो व्यवहार, तो चोख करा. ऐपत नसेल तर त्याच्या गरजेपुरतं देऊनच टाका. उसनं दिलेलं परत येण्याची आशाच नसेल तर सोडून द्या. आणि सगळ्यांवरच संकट आलं असेल तर आपल्या ऐपतीपलीकडे जाऊन द्या. समाज हे एक शरीर आहे आणि त्याचे सांधे प्रीतीने बांधलेले असतात, असा त्याचा दाखला आहे. शेवटी तो मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या नगराची आठवण देतो. आज अमेरिकेत हे शब्द अभिमानाने वापरले जातात. केनेडींनी १९६१ साली वापरले, पुढे रेगन यांनीही अनेकदा. विन्थ्रॉपच्या तोंडी मात्र तो इशारा होता. सगळं जग आपल्याकडे बघतंय, आपण शब्द मोडला तर आपली गोष्ट जगभर नाचक्की म्हणून सांगितली जाईल, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की हे प्रवचन छापलं गेलं ते थेट १८३८ साली.

शब्दांची परीक्षा लगेचच सुरू झाली. जूनमध्ये 'आर्बेला' सेलमला लागलं. आधी येऊन राहिलेल्यांपैकी बरेच मेलेले, उरलेले उपाशी. जुलैच्या सुरुवातीला विन्थ्रॉपचा मुलगा हेन्री दुसऱ्या जहाजाने पोहोचला आणि दुसऱ्याच दिवशी पाण्यात बुडून मेला. चार्ल्सटाउनला तळ टाकला तर तिथे पाणी वाईट. अखेर पलीकडच्या शॉमट नावाच्या भूशिरावर एकटाच राहणाऱ्या विल्यम ब्लॅक्स्टन नावाच्या इंग्रजाने चांगला झरा आहे म्हणून बोलावलं आणि सगळे तिकडे गेले. त्या जागेचं नाव सप्टेंबरमध्ये बोस्टन ठेवलं गेलं. डिसेंबरपर्यंत सुमारे दोनशे माणसं दगावली होती. कित्येक जण परतीच्या जहाजाने निघून गेले.

विन्थ्रॉपने आधीच धोका ओळखून 'लायन' नावाचं जहाज धान्य आणायला इंग्लंडला पाठवलं होतं. ते फेब्रुवारी १६३१ मध्ये परत आलं. जहाज दिसलं त्या क्षणी विन्थ्रॉप आपल्या पिंपातलं शेवटचं मूठभर पीठ एका गरिबाला देत होता, असं कॉटन मेदर या पुढच्या काळातल्या धर्मगुरूने लिहून ठेवलं आहे. मेदरच्याच पुस्तकात आणखी दोन गोष्टी आहेत. विन्थ्रॉप जेवणाच्या वेळी आपल्या नोकरांना काहीतरी निमित्त काढून गरिबांच्या घरी पाठवायचा, हेतू हा की त्यांच्या ताटात काय आहे ते कळावं आणि विचारून त्यांना लाजवायला लागू नये. दुसरी गोष्ट लाकडांची. कडक थंडीत एक गरीब माणूस विन्थ्रॉपच्या ढिगातून लाकडं चोरतो, अशी तक्रार आली. विन्थ्रॉप म्हणाला, त्याची चोरी मी बंद करतो. त्याने त्या माणसाला बोलावलं आणि सांगितलं की थंडी मोठी आहे, तुझ्याकडे सरपण नसणार, तेव्हा हिवाळा संपेपर्यंत माझ्या ढिगातून हवं तेवढं नेत जा. नंतर तो मित्रांना हसत विचारायचा, की झाली ना चोरी बंद? मेदर भक्तिभावाने लिहिणारा, त्यामुळे यात थोडं मीठमसाला असेलही. पण विन्थ्रॉपचं बाकीचं वागणं याला धरूनच आहे.

नोव्हेंबर १६३१ मध्ये मार्गारेट आली. वाटेतच त्यांची तान्ही मुलगी गेली होती. आदल्या हिवाळ्यात उपाशी राहिलेले लोक या वेळी गव्हर्नराच्या घरी डुकरं, करडं, कोंबड्या, बदकं, शिकारीचं मांस घेऊन आले. एवढ्या थोड्या अवधीत एवढं सगळं जमलं, याचं विन्थ्रॉपलाही नवल वाटलं.

आता त्याचा उपगव्हर्नर थॉमस डडली याची गोष्ट. डडली कडक, हिशेबी माणूस. त्याने गरजू शेतकऱ्यांना धान्य दिलं ते अशा बोलीवर : आज साडेसात बुशेल न्या, सुगीला दहा आणून द्या. आपल्याकडे जुने लोक धान्याची वाढीदिढी म्हणायचे, तसलाच हा प्रकार. सवाईपेक्षा जास्त आणि दिढीपेक्षा थोडा कमी. विन्थ्रॉपने तोंडावर सांगितलं की ही सावकारी आहे, गरिबांना पिळणं आहे. डडलीचं म्हणणं, त्यांनी राजीखुशीने घेतलं, मग तुमचं काय जातं? १६३२ साली दोघांत एवढं वाजलं की डडलीने राजीनामाही देऊ केला होता. पुढे दिलजमाई झाली, मुलामुलीची सोयरीक झाली, आणि १६३८ साली दोघांनी शेजारीशेजारी जमीन घेतली तेव्हा हद्दीवरच्या दोन खडकांना 'दोन भाऊ' असं नाव दिलं. ते खडक अजून आहेत.

प्रीती ही फक्त मनात ठेवायची गोष्ट नव्हती, ती बाजारातही दिसायला हवी होती. १६३९ साली रॉबर्ट कीन या बोस्टनच्या व्यापाऱ्यावर खिळे, बटणं, लगाम असल्या वस्तू अवाच्या सवा दराने विकल्याबद्दल खटला झाला. २०० पौंड दंड ठरला, तो पुढे ८० वर आणला. मंडळीतही सगळ्यांपुढे उभं राहून त्याला चूक कबूल करावी लागली. अडलेल्याचा फायदा घेणं हे तिथे पाप होतं आणि गुन्हाही होता.

याच सुमाराला विन्थ्रॉपवर वेळ आली. जेम्स लक्सफर्ड नावाच्या त्याच्या कारभाऱ्याने मालमत्तेचा पार घोटाळा करून ठेवला होता. गव्हर्नर कर्जात बुडाला. तेव्हा लोकांनी वर्गणी काढून सुमारे ५०० पौंड जमवले आणि सरकारी सभेने मार्गारेटच्या नावे ३,००० एकर जमीन दिली. देणारा हात कधी घेणाराही होतो, हे त्याच्याच प्रवचनातलं तत्त्व त्याला स्वतःला अनुभवायला मिळालं.

इथपर्यंत विन्थ्रॉप मला मनापासून आवडतो. पण चरित्र इथे संपवलं तर ते अर्धंच राहील. कारण त्या शरीराचे अवयव कोण, हेही ठरवलं जात होतं. १६३१ पासून मत देण्याचा हक्क फक्त मंडळीच्या सभासदांना होता. रॉजर विल्यम्स या तरुण धर्मगुरूने म्हटलं की राजाच्या सनदेने इथल्या मूळ रहिवाशांची जमीन आपली होत नाही, आणि सरकारने धर्मात हात घालू नये. १६३५ साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. विन्थ्रॉप तेव्हा गव्हर्नर नव्हता. त्याने खासगीत विल्यम्सला नॅरॅगॅन्सेट उपसागराकडे जाण्याचा सल्ला दिला आणि विल्यम्सने तिकडे प्रॉव्हिडन्स वसवलं. दोघांचा पत्रव्यवहार पुढेही चालू राहिला. विल्यम्सची मतं त्याला मान्य नव्हती, पण माणूस वाचावा असं त्याला वाटत होतं.

जानेवारी १६३६ मध्ये मात्र पुढाऱ्यांची बैठक झाली आणि विन्थ्रॉप फार सौम्य वागतो असा ठपका त्याच्यावर आला. त्याने तो मान्य केला आणि यापुढे कडक वागेन असं वचन दिलं. मला वाटतं, त्याच्या आयुष्याला इथे वळण लागलं.

विन्थ्रॉपच्या घरासमोरच अ‍ॅन हचिन्सन राहायच्या. सुईणीचं काम करणाऱ्या, बायकांच्या अडीनडीला धावणाऱ्या, म्हणजे विन्थ्रॉपच्या प्रवचनातली प्रीती रोज जगणाऱ्या. त्यांच्या घरी लोक जमायचे, प्रवचनांची चर्चा व्हायची. पुढे साठ-साठ माणसं येऊ लागली. बहुतेक धर्मगुरू कर्मांवर भर देतात, देवाच्या कृपेवर नाही, असं त्या म्हणू लागल्या आणि वसाहतीत दोन तट पडले. १६३७ च्या मे महिन्यात विन्थ्रॉप पुन्हा गव्हर्नर झाला. परवानगीशिवाय कोणा परक्याला तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवून घ्यायचं नाही, असा कायदा झाला आणि विन्थ्रॉपने त्याचं लेखी समर्थन केलं. उपाशी माणसांसाठी वसवलेल्या गावाला दार बसलं! नोव्हेंबरात हचिन्सनबाईंवर खटला चालला, विन्थ्रॉप अध्यक्ष आणि प्रश्न विचारणाराही तोच. हद्दपारीचा हुकूम झाला, मार्चमध्ये मंडळीनेही त्यांना बहिष्कृत केलं. पुढे त्यांचा गर्भ विकृत अवस्थेत पडला तेव्हा विन्थ्रॉपने त्यात देवाची शिक्षा पाहिली. शेजारणीच्या दुःखाबद्दल असं लिहिणारा हात आणि लाकडं देणारा हात एकच, हे पचवायला मला जड गेलं.

त्याच वर्षी पीक्वट जमातीशी युद्ध झालं. मिस्टिक इथल्या त्यांच्या कोटाला इंग्रजांनी आग लावली, शेकडो माणसं मेली, त्यांत बायकामुलं होती. वाचलेल्यांना घरोघरी वाटून दिलं, काहींना वेस्ट इंडीजला विकलं. कैद्यांत मोनोनोटो या सरदाराची बायको आणि मुलं होती. तिच्या मध्यस्थीमुळेच आधी पकडलेल्या दोन इंग्रज मुलींचा जीव वाचला होता. तिने दोन गोष्टी मागितल्या : माझी अब्रू राखा आणि मुलं माझ्यापासून तोडू नका. विन्थ्रॉपने तिची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि तिच्या मर्यादशील वागण्याचं कौतुकही लिहून ठेवलं. पण ती कैदीच राहिली. पुढच्या वर्षी 'डिझायर' जहाज वेस्ट इंडीजहून परत आलं त्यात कापूस, तंबाखू आणि काळे गुलाम होते. विन्थ्रॉपने रोजनिशीत ते सगळं एकाच ओळीत, मालाच्या यादीसारखं नोंदवलं आहे. १६४१ च्या कायद्याच्या संहितेत गुलामगिरीला जागाही मिळाली.

असं का झालं? विन्थ्रॉप ढोंगी होता असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्याने स्वतःचं पीठ, पैसा, झोप सगळं त्या गावासाठी घातलं. मला उत्तर त्या प्रवचनातच दिसतं. शरीराचा दाखला सुंदर आहे, पण शरीराला कातडी असते. आतलं ते आपलं, बाहेरचं ते परकं. आतल्यांवरची माया जितकी वाढली तितकी बाहेरच्याची भीतीही वाढत गेली. १६३३ साली देवीच्या साथीत मूळ रहिवाशांची गावंच्या गावं ओस पडली तेव्हा त्यांची रोज सेवा करणाऱ्या, एका दिवसात तीस प्रेतं पुरणाऱ्या सॅम्युएल मॅव्हरिकची नोंद विन्थ्रॉपने आदराने केली आहे. हा मॅव्हरिक प्युरिटन नव्हता. आणि पुढे गुलाम बाळगणाऱ्यांत तोही होता. प्रीती कोणाच्या हातून कुठे घडेल आणि कुठे अडेल, याचा हिशेब सोपा नाही.

१६४५ साली अधिकाराचा गैरवापर केल्याच्या आरोपावरून खुद्द विन्थ्रॉपलाच लोकांपुढे जाब द्यावा लागला. उपगव्हर्नराची खुर्ची सोडून तो आरोपीच्या जागी जाऊन बसला आणि निर्दोष ठरल्यावरच परत वर चढला. १६४७ साली साथीच्या तापात मार्गारेट गेली. त्याने चौथं लग्न केलं. २६ मार्च १६४९ ला, एकसष्टाव्या वर्षी तो वारला. त्याला बोस्टनमध्येच पुरलं. तोवर वसाहतीची वस्ती हजारांच्या घरात गेली होती.

त्याच्या अखेरच्या दिवसांची एक आख्यायिका जुन्या इतिहासात आहे. डडली एका वेगळ्या मताच्या माणसाच्या हद्दपारीचा हुकूम घेऊन सही मागायला आला. विन्थ्रॉपने अंथरुणावरूनच नकार दिला. हे काम आपल्या हातून आधीच फार झालं आहे, असं तो म्हणाला म्हणे. ही गोष्ट खरी असावी असं मला फार वाटतं. ती खरी असेल तर पाखरं मारणं सोडण्याची कारणं लिहून काढणारा, स्वतःशी खरं बोलणारा तो तरुण शेवटी परत आला असं म्हणता येईल. अर्थात हचिन्सनबाईंना त्याचा काही उपयोग नव्हता. १६४३ सालीच, हद्दपारीत, त्या आणि त्यांच्याजवळ राहणारी बहुतेक मुलं मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारली गेली होती.